डबा सोडणारं माणूस

टेबलावर मनगटाचे पट्टे तीन होते: एक चालू, एक राखीव आणि एक नुसता दिसायला, आत काहीच नसलेला. शिवाय एक टॅबलेट, दोन पॉवर बँक, काळ्या चिकटपट्टीचं अर्धं रीळ, कापूस आणि झाकणाच्या वाटीत डाळिंबाचे सोललेले दाणे. खुर्ची एकच होती. ती माझी होती आणि तिच्यावर वृषालीताई बसल्या होत्या.

"एकशे बेचाळीस," त्या टॅबलेटकडे बघत म्हणाल्या. मग ओरडल्या, "एकशे बेचाळीस!" मी 'थांबा' म्हणेपर्यंत त्या कॅमेऱ्यासमोरून धावत शाळेच्या व्हरांड्यात पोचल्यासुद्धा. तिथं त्यांची दहा वर्षांची मुलगी तन्मयी, ठरल्याप्रमाणं भिंतीला चिकटून, घाबरल्याचा अभिनय करत उभी होती.

"कट!" दिग्दर्शक नचिकेत सर उठून उभे राहिले. "ताई, अहो, काय झालं?"

"हिचे ठोके एकशे बेचाळीस झालेत!"

"माझे नाहीत गं आई," तन्मयी म्हणाली. "जुईचे आहेत."

जुई म्हणजे मालिकेतली मुलगी. मालिका सहा भागांची होती, पुढच्या काळातली. त्या काळात प्रत्येक मुलाच्या मनगटाला पट्टा बांधलेला असतो आणि आईबापांना ते कुठं आहे, काय खातंय, त्याच्या काळजाचे ठोके किती आहेत, सगळं घरच्या पडद्यावर दिसतं. ठोके एकशे वीसच्या वर गेले की घरात घंटा वाजते आणि गाडी येऊन मुलाला उचलून घरी आणते. त्यामुळं त्या शहरातली मुलं पळायचीच विसरलेली असतात.

नचिकेत सरांनी माझ्याकडं नुसता लुकलुकणाऱ्या दिव्यांचा पट्टा मागितला होता. मी तेव्हा बावीस वर्षांची होते, फिजिक्सची पदवी नुकती हातात पडली होती आणि मला खोटी वस्तू करायची लाज वाटली. मी खरा पट्टा केला. आत ठोके मोजणारा सेन्सर, छोटा रेडिओ, छोटी मेमरी, वरून सिलिकॉनचं आवरण. टॅबलेटवर दिसणारा आकडा ज्याच्या मनगटाला पट्टा असेल त्याचाच असे. मला त्याचा इतका अभिमान होता की युनिटमधल्या प्रत्येकाला मी तो एकदा तरी बांधून दाखवला. लाइटवाल्या बबनदादांचे सत्तर यायचे, सरांचे शॉटच्या आधी एकशे दहा.

फक्त शॉटसाठी कधीकधी पटकथेतला आकडा लागायचा. म्हणून टॅबलेटच्या कोपऱ्यात मी दोन बटणं ठेवली होती, 'खरं' आणि 'नाटक'. वृषालीताईंनी पाहिलेला एकशे बेचाळीस 'नाटक'मधला होता.

"मग तिचे स्वतःचे किती आहेत?" त्यांनी विचारलं.

मी बटण बदललं. "शहाऐंशी."

त्यांनी आकडा तीनदा वाचला असेल. मग तन्मयीच्या हातात डाळिंबाची वाटी दिली आणि मला म्हणाल्या, "आता बदलताना मला सांगत जा. माझाच जीव जायचा एखाद्या दिवशी."

युनिटमधली माणसं त्यांना हसायची. मीही एकदोनदा हसले असेन. पण तन्मयी दोन वर्षांची असताना तापात तिला झटका आला होता, हे त्यांनीच मला एका दुपारी सांगितलं. "स्वयंपाकघरात होते. चार पावलांवर. दिसली नाही म्हणून कळलं नाही." त्यानंतर त्या वर्षी बाजारात जे पहिलं लहान मुलांचं घड्याळ आलं ते त्यांनी घेतलं, मग त्याच्यापेक्षा बरं आलं ते घेतलं. आताच्या घड्याळात तन्मयीचे ठोके एकशे तीसच्या वर गेले की वृषालीताईंचा फोन वाजायचा. सेटवर ते घड्याळ चालत नव्हतं, कारण ते मधेच किणकिणायचं. म्हणून त्या माझ्या खुर्चीवर.

तन्मयी जिना कसा चढते ते मी पहिल्या दिवशीच पाहिलं होतं. सहा पायऱ्या, मग थांबायची, कठड्याला हात लावून इकडं तिकडं बघायची, मग पुढच्या सहा. मला वाटलं दमते.

"दमत नाही," ती म्हणाली. "एकशे तीसला फोन येतो. मग आई घाबरते. त्यापेक्षा थांबलेलं बरं."

निवडीच्या वेळी तिला चालताना बघून सर म्हणाले होते म्हणे, हिला जुई शिकवायलाच नको.

शेवटच्या प्रसंगात विहीर आणायचं डोकं मात्र माझं.

मूळ गोष्टीत शेवटी जुई पट्टा दगडानं फोडते. मी सरांना म्हटलं, "फोडायची गरज नाही. हा सिग्नल पाण्यातून जात नाही. ती हातभर पाण्याखाली गेली तरी आईच्या पडद्यावरून नाहीशी होईल."

"खरंच?"

मी कॅन्टीनच्या पाण्याच्या पिंपात कोपरापर्यंत हात घातला. टॅबलेटवर माझा आकडा गेला आणि नुसती रेघ उरली. हात बाहेर काढला तसे मधल्या वेळात पट्ट्यानं साठवलेले आकडे भराभर येऊन रेघेवर बसले.

सर त्या पिंपाकडं बघत राहिले. मग म्हणाले, "विहीर शोधा रे कुणीतरी."

मिरजेच्या पलीकडं, उसाच्या एका मळ्यात दगडी पायऱ्यांची विहीर मिळाली. पाणी हिरवं, वीस फूट खोल. एका अंगाला पायऱ्या आणि त्यांच्या बरोबर समोर पाण्यावर टेकलेली दगडी कमान. जुई पायरीवरून उडी मारणार, पाण्याखालून जाणार आणि कमानीत वर येणार. मधल्या वेळात कुणालाच ती दिसणार नाही.

"हे तुझंच ना?" वृषालीताईंनी मला बाजूला घेऊन विचारलं. "विहिरीचं?"

"हो."

"छान केलंस हो." इतक्या थंड आवाजात माझी स्तुती त्याआधी कुणी केली नव्हती. "माझी मुलगी पाण्याजवळ जाणार नाही. पायरीवर उभी राहील, चेहरा देईल, परत येईल."

सरांना ते मान्य होतं. उडी मारायला डुप्लिकेट ठरवला: मिरजेच्या तलावावर पोहणारा बारा वर्षांचा ओंकार, जुईचा फ्रॉक आणि दोन वेण्यांचा टोप घालून.

त्या संध्याकाळी तन्मयी माझ्या टेबलाशी आली. राखीव पट्टा बोटाभोवती फिरवत म्हणाली, "केतकीताई, ओंकारची नुसती पाठ दिसणार ना?"

"हो. कुणाला कळणार नाही."

"मला कळणार की." तिनं पट्टा टेबलावर ठेवला. "सहा भाग मी पट्टा घालून हळू हळू चालणार. आणि सुटते तेव्हा ती मी नसणारच."

मी तो उचलून चार्जिंगला लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शॉट लावला. जानेवारीचं पाणी, हात घातला तर मनगट आखडत होतं. ओंकारनं सुरेख सूर मारला, तलावावर शिकवतात तसा, हात जोडून. आम्ही सगळे कमानीकडं बघत होतो. ओंकार यायच्या आधी मधोमध दोन वेण्या वर आल्या आणि विहिरीत गोल फिरायला लागल्या. नुसत्या वेण्या. मग कमानीत ओंकारचं भादरलेलं डोकं वर आलं आणि त्यानं विचारलं, "जमलं का सर?"

बबनदादा पायरीवर बसून हसले. सर हसले नाहीत. टोप दोऱ्यानं बांधला, तरी दुसऱ्या वेळी तो सुटला, शिवाय सर म्हणाले, "हा पोहणाऱ्यासारखा उडी मारतोय. जुई पळून जाणाऱ्यासारखी मारेल."

"मी मारते," तन्मयी म्हणाली.

ती माझ्या टेबलाजवळ उभी होती. वृषालीताई खुर्चीतून उठल्याही नाहीत. "तुला पोहता येत नाही, तनू."

"येतं."

"बरं. टॉवेल घे, वारं आहे."

"येतं आई. आप्पांनी शिकवलंय. मे महिन्यात आणि दिवाळीत."

आप्पा म्हणजे वृषालीताईंचे वडील. ते तिथून तासाभराच्या वाटेवर, कृष्णाकाठच्या एका गावात राहत आणि तन्मयी सुट्टीत त्यांच्याकडं जायची.

"मे महिन्यात तू गोठ्याच्या बाहेर गेली नाहीस," वृषालीताई म्हणाल्या. "घड्याळात दिसत होतं मला. घर, गोठा, घर, गोठा."

तन्मयीनं माझ्याकडं पाहिलं, मग जमिनीकडं. "घड्याळ गोठ्यातच होतं. कपिलीच्या वासराच्या गळ्यात."

"काय?"

"म्हणजे पावलं पडत राहायची. ठोके नाही यायचे, मग आप्पा तुला सांगायचे ना, पट्टा सैल झालाय म्हणून."

"एका दिवसात चौदा हजार पावलं!" वृषालीताई म्हणाल्या. "मी डॉक्टरांना दाखवलं ते! डॉक्टर म्हणाले, शाब्बास!"

बबनदादांनी तोंडावर टॉवेल दाबला आणि ते उसात निघून गेले. वृषालीताईंनी फोन लावला. फोन टेबलावर आपटून त्यांनी स्पीकर सुरू केला.

"आप्पा, तनूला पाण्यात घातलंत?"

पलीकडं कोंबडा आरवला. "कळलं व्हय," आप्पा म्हणाले. "आगं, तुला सांगितलं असतं तर घातलं असतंस का?"

"वासराच्या गळ्यात घड्याळ बांधलंत!"

"लई गुणाचं वासरू हाय. एकदाबी भिजवलं न्हाई."

"आप्पा!"

"ओरडू नको. रीतसर शिकवलंय. पाठीला डबा बांधून. आधी पाच लिटरचा, मग दोनचा. दिवाळीत एक लिटरवर आली. तूबी एक लिटरवर आलीस तवा एवढीच हुतीस."

वृषालीताईंचा आवाज बदलला. "एक लिटरवर आली?"

"मग! उगं बांधायचा म्हणून बांधतोय तिला."

"सोडला कुणी?"

"सोडला न्हाई," आप्पा म्हणाले. "शेवटचा डबा मी सोडतोय व्हय? तुझा तुझ्या आईनं सोडला. लुगड्यानिशी उतरली हुती हिरीत. सोडणारं माणूस पाण्यात लागतं, काठावरनं न्हाई जमत. तुझी वाट बघतोय आम्ही दोघं, मी आन तनू. दिवाळीपासनं."

वृषालीताईंनी फोन बंद केला. मी मनात हिशेब केला, कारण मला दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं: एक लिटरचा रिकामा डबा पाण्यात जेमतेम एक किलोचा भार उचलतो. माणूस स्वतःच जवळजवळ तरंगत असतो, म्हणून बुडायच्या भीतीला तेवढा पुरतो. पण पोहायचं काम डबा करत नाही.

"केतकी," वृषालीताई म्हणाल्या, "पाण्याखाली असताना हिचा आकडा दिसेल मला?"

"नाही. रेघ दिसेल. वर आली की मागचे सगळे येतील."

"काहीतरी करून दिसेल असं करता येईल?"

"नाही येणार, ताई." 'नाटक'चं बटण दाबलं असतं तर त्यांना हवा तसा आकडा दिसला असता. ते त्यांनाही माहीत होतं. त्यांनी तसं म्हटलं नाही, मीही म्हटलं नाही.

त्या सरांकडं वळल्या. "ऊन कमानीत कधी येतं?"

"दुपारी. का?"

"तोवर विहीर मला पाहिजे. आणि एक लिटरचा डबा."

कॅन्टीनमधून तेलाचा रिकामा डबा आला. वृषालीताईंनी चपला काढल्या, ओढणी कमरेला गाठ मारून बांधली आणि आपला फोन माझ्या हातात दिला. "वाजला तरी उचलू नको," म्हणाल्या आणि पायऱ्या उतरून थेट गळ्यापर्यंत पाण्यात गेल्या. त्यांना पोहता येतं हे आमच्यापैकी कुणाला माहीत नव्हतं. त्या पाठीवर आडव्या झाल्या, कमानीपर्यंत जाऊन आल्या, तळाला बुडी मारून मूठभर गाळ घेऊन वर आल्या, तो सरांना दाखवला. "खाली दगड नाहीत. गाळ आहे."

मग तन्मयी डबा बांधून उतरली. तिचे दात वाजत होते.

"पाय गुडघ्यातनं नको मारू. मांडीतनं."

"आप्पा म्हणतात..."

"आप्पांनी मला शिकवलंय. मला नको सांगू."

तन्मयीनं दोन फेऱ्या मारल्या. तिसऱ्या फेरीत वृषालीताई तिच्या बाजूनं पोहत होत्या. त्यांनी तिच्या पाठीवरची गाठ दोन बोटांनी सोडवली. डबा सुटून वाऱ्यानं गेला आणि दगडावर ठणकन आपटला. तो आवाज ऐकून तन्मयीनं मान वळवली, डबा लांब दिसला, आणि तिचा एक हात पाण्यावर नुसताच आपटला.

"आई!"

"हं."

"डबा गेला!"

"गेला ना. पोह."

वृषालीताईंचे हात पाण्याखाली होते. आम्हाला दिसत नव्हते. पण त्या तन्मयीपासून हातभर लांबच राहिल्या, एवढं दिसत होतं. तन्मयीनं एक गटांगळी खाल्ली, नाकातलं पाणी फुरफुरवलं, आणि मग मांडीतून पाय मारत विहिरीला पूर्ण फेरी घातली. आणखी एक घातली. पाचव्या फेरीनंतर तिनं पायरी धरली, तेव्हा युनिटमधल्या कुणीतरी टाळ्या वाजवल्या, आणि वृषालीताईंनी वर बघून त्याला झापलं, "अजून बुडी राहिलीय! टाळ्या काय वाजवताय?"

दुपारपर्यंत त्यांनी तिच्याकडून पाण्याखालून कमान गाठून घेतली. आधी अर्धं अंतर, मग पाऊण, मग सगळं. मधे मधे तिला उन्हात बसवून डाळिंबाचे दाणे भरवले.

ऊन कमानीत आलं तेव्हा सर म्हणाले, "ताई, तुम्ही आता वर या, पडद्यापाशी बसा."

"मी पाण्यात असणार," वृषालीताई म्हणाल्या. "कमानीच्या आडोशाला. चित्रात दिसायला नको, ते तुम्ही बघा. तिला हात लावणार नाही."

"आणि आकडे?"

"आकडे केतकी बघेल."

त्या कमानीच्या दगडाआड जाऊन, पाण्याखालच्या टप्प्यावर पाय टेकून, हनुवटीपर्यंत पाण्यात उभ्या राहिल्या. सहा आठवड्यांत पहिल्यांदा मी माझ्या खुर्चीवर बसले. जुईचा वाळवलेला फ्रॉक घालून तन्मयी पायरीवर गेली. मी पट्ट्यावरून चिकटपट्टीचे दोन वेढे घेतले होते. टॅबलेटवर 'खरं' होतं आणि आकडा एकशे एकतीस होता. तिच्या मनगटावर घरचं घड्याळ असतं तर वृषालीताईंचा फोन वाजला असता.

"अॅक्शन."

तन्मयीनं मागं पाहिलं, घराच्या दिशेला, जुई बघते तसं. मग ती धावली. चार पायऱ्या धावली फक्त, पण तिला धावताना मी तोपर्यंत पाहिलं नव्हतं. सूर वगैरे काही मारला नाही. पाय पोटाशी घेऊन तिनं स्वतःला पाण्यावर फेकलं.

आकडा गेला. रेघ आली.

पाण्यावर वर्तुळं पसरत कमानीपर्यंत गेली. कॅमेऱ्यामागं कुणी हलत नव्हतं. माझ्या जागेवरून वृषालीताईंचा नुसता चेहरा दिसत होता. हिरव्या पाण्यात त्यांनाही काही दिसत नसणार. त्या एकदा पुढं झुकल्या, पाणी ओठांना लागलं. मग दोन्ही हात वर काढून त्यांनी डोक्यावरच्या दगडाची कड धरली आणि धरूनच ठेवली.

कमानीत तन्मयी वर आली. ठरल्याप्रमाणं ती हसली नाही, रडली नाही, नुसता श्वास घेत राहिली, तोंड उघडं टाकून, उन्हाकडं बघत. हातभर अंतरावर तिची आई होती. तिनं तिकडं डोळासुद्धा वळवला नाही. आईही जागची हलली नाही. सर 'कट' म्हणायचं विसरले असावेत, इतका वेळ गेला.

"कट. ओके. ओके!"

"दम पुरला?" दगडाआडून वृषालीताईंनी विचारलं.

"अजून होता."

"खोटं नको बोलू."

"खरंच होता! आणखी एकदा मारू?"

"एकदा पुरे. ओके म्हणालेत ते."

आता टाळ्या वाजल्या त्या कुणी अडवल्या नाहीत. ओंकारनं पाण्यातून डबा काढून आणला आणि तन्मयीला दिला. बबनदादा वृषालीताईंना हात द्यायला खाली उतरले. "ताई, पोरगी तयार आहे हो तुमची," ते म्हणाले.

"मग?" वृषालीताई म्हणाल्या. "कुणाची आहे?"

निथळत त्या माझ्या टेबलापाशी आल्या, फोन घेतला आणि आप्पांना लावला. ह्या वेळी स्पीकर लावायची गरज नव्हती. आप्पा फोनवर ओरडूनच बोलतात.

"सोडला," त्या म्हणाल्या.

"रडलीस का?"

"पाण्यात कळतंय व्हय?"

ती मालिका लागून गेली. आता सहा वर्षं झाली. तो शॉट पडद्यावर बराच वेळ चालतो, आणि माझ्या ओळखीच्या प्रत्येकाला मी तो दाखवलाय. पट्ट्यापेक्षा जास्त वेळा. पण त्या दुपारी वृषालीताईंनी फोन ठेवला, टॉवेलनं कान पुसले, आणि टॅबलेटकडं न बघता मला विचारलं, "पाण्यातले आले का?"

"आले."

"सांग."

मी रेघेवर बसलेले आकडे वाचले. उडी मारण्याआधी एकशे एकतीस. पाण्याखाली, चौदाव्या सेकंदाला, ब्याऐंशी.